पाखरीचा पौषातला उन्हाळा

सोनबानं घोडी कंपनीच्या गेटात आडवी बांधली आणि तिच्या पुढ्यात मांडी घातली. कंटेनरांची रांग पार चाकणच्या रस्त्याला जाऊन भिडली.

"मामा, उठा की! गाड्या खोळंबायल्यात," समाधान हात जोडून म्हणाला. हा लातूरकडचा पोरगा कंपनीनं गावाशी बोलायला ठेवलेला. म्हणजे पगार कंपनीचा आणि शिव्या गावाच्या.

"उठतो की. आधी त्यो दिवा फिरव. दसऱ्यापास्नं माझ्या गोठ्यात रात्र म्हनून न्हाई. कोंबडं कवाबी आरवतंय, म्हातारी तोंडावर पदर घिऊन निजती. गोठा हाय का लग्नाचा मांडव?"

दिवा उंच खांबावरचा. लावला कंपनीच्या आवारासाठी, पण निम्मा उजेड सांडायचा सोनबाच्या गोठ्यात. दुसरा एखादा फुकटचा उजेड म्हणून गप बसला असता. सोनबाला मात्र फुकटचं सोसत नसे. त्यात भांडायला जागा राहत नाही.

सांजेला कंपनी नमली. सोमवारी दिव्याचं तोंड फिरवू, असं समाधाननं गावासमोर कबूल केलं. देवळापुढं धोंडीबानं सोनबाच्या गळ्यात हार घातला.

"इकला गेला न्हाई असा ह्यो योकच गडी ऱ्हायलाय गावात!"

धोंडीबाची सगळी जमीन त्याच कंपनीखाली गेलेली, तेव्हा त्याला ते चांगलंच ठाऊक असणार.

घरी त्याची बायको आक्काबाई म्हणाली, "हार घोडीला घाला. गेट तिनं आडवलं, तुमी नुसतं बसला व्हता."

सोनबा हसला, पण घोडीकडं नजर जाताच त्याचं हसू विरलं. पाखरीची आजी बैलगाडा शर्यतीच्या घाटात बैलांपुढं पळाली, आई पळाली, पाखरीनं तर सगळ्यांत वेगवान म्हणून 'फळीफोड' नाव काढलं. आता तिचं वय उतरणीला लागलेलं. तिच्या पोटची एक शिंगरी गोठ्यात नाचावी, एवढीच सोनबाची आस. तिच्या तोलाचा घोडा होता रावेतच्या रोहिदासकडं. पण त्याच्या तबेल्याभोवती उंच इमारती उठल्या, वरच्या लोकांना लिदीचा वास येऊ लागला आणि संक्रांतीनंतर घोडा परजिल्ह्यात धाडायचं ठरलं. इकडं पाखरी दर साल दिवाळीला गार पडायची, ती शिमग्यापर्यंत घोड्याकडं बघत नसे.

कार्तिकातच जनावरांच्या डॉक्टर उत्कर्षाताईंना त्यानं विचारलेलं, "इंजेक्शन द्या की एखादं."

"इंजेक्शननं चालू पाळी मागंपुढं करता येते, दादा. हिची अंडाशयंच झोपलीयत. झोपलेल्याला हाकून काय उपयोग?"

सोनबानं आस सोडली होती.

रविवारी उत्कर्षाताई लस टोचायला आल्या. बाहेरून मिरवणुकीचा घोडा चालला होता. तो खिंकाळला आणि पाखरीनं कान टवकारले, शेपूट बाजूला घेतलं, मागचे पाय फाकवून उभी राहिली. ऐन पौषात! ताईंनी खांद्यापर्यंत हातमोजा चढवला, सोबतचं यंत्र लावून बघितलं.

"दादा, बीज वाढायला लागलंय हिचं. उजेडात ठेवली होतीत का?"

"मी कशाला ठिवतोय? त्यो कंपनीचा मुडदा दिवा..."

"त्या दिव्याला नमस्कार करा. रात्र लांबली की घोडीच्या मेंदूत एक रस वाढतो. तो सांगतो, थंडीचे दिवस आहेत, आता पोर नको. उजेड लांबला की तो आटतो. मग मेंदूकडून अंडाशयाला निरोप जातो आणि बीज वाढायला लागतं. तुमच्या पाखरीला वाटतंय, उन्हाळा आला. आता फक्त अंधार पडू देऊ नका, नाहीतर सगळं परत झोपेल."

सोनबाचा चेहरा पांढराफटक पडला. "उद्या सोमवार!"

"अहो दादा, पुढचं तर ऐका..."

पण सोनबाची मोटरसायकल कंपनीच्या वाटेला लागलेली. अर्धं ऐकून उठायचं, ही त्याची जन्माची खोड.

"परवा फिरवा म्हणून बसलात, आज फिरवू नका म्हणायलात," समाधाननं कपाळाला हात लावला. "साहेबाला काय सांगू मी?"

"सांग, सोनबाची घोडी नांदायला निघालीय."

"तसं नाही चालायचं, मामा. मागणी गावासमोर केली, मागं पण गावासमोरच घ्या. उद्या मला मार खायचा नाही."

ज्या पायरीवर हार घातला, त्याच पायरीवर सोनबा उभा राहिला. मेंदू, रस, बीज, उन्हाळा, सगळं त्यानं घाम पुसत पुसत सांगितलं.

मग धोंडीबा खाकरला. "दिव्यानं घोडी माजावर येती व्हय? मंग हायवेकडंच्या समद्या घोड्या बारमाही गाभण पायजेत!"

देऊळ हसून हसून आडवं झालं.

"आरं, डॉक्टरीणबाई म्हनल्यात..."

"ऱ्हाऊ दे, सोनबा. किती पोचलं तेवढं सांग. आमी काय वाटा मागत न्हाई."

दिवा तसाच राहिला. पाखरी टेंपोतून रावेतला गेली. सज्ज्यांमधून माणसं मोबाइल धरून बघत होती. सोनबानं टोपी नाकापर्यंत ओढली. संक्रांत झाली, घोडा गेला. गावात सोनबा दिसला की कुणीतरी डोळ्यांवर हात धरून म्हणे, "लय उजेड पडला, राव!" सोनबा मान खाली घालून पुढं जाई.

ताई पुन्हा तपासायला आल्या. यंत्रावर वाटोळा काळा ठिपका दिसला. "धरलंय, दादा! गाभण आहे."

सोनबानं पाखरीच्या मानेला मिठी मारली. आक्काबाईनं गुळाचा खडा घोडीला दिला, मग डॉक्टरीणबाईंना.

सोनबा डोळे पुसत म्हणाला, "गावात त्वांड दाखवायला जागा न्हाई ऱ्हायली, पर दिवा राखला."

"कंपनीचा दिवा कशाला राखायचा?" ताई हातमोजा काढत म्हणाल्या. "त्या दिवशी तेच सांगत होते, तर तुम्ही गाडीला किक मारलीत. गोठ्यात एक साधा बल्ब लावला असता तरी भागलं असतं."

आक्काबाईनं तोंडात पदर कोंबला, तरी हसू बाहेर आलंच.

सोनबानं वर आढ्याकडं बघितलं. तिथं वायर होती, होल्डर होता. बल्ब तेवढा नव्हता.

"ताई," तो हळूच म्हणाला, "ह्ये गावात कुनाला बोलू नगा."

"अहो, उलट सांगा की! तुम्ही पैसे घेतले नाहीत, हे तरी कळेल लोकांना."

"नगं. पैसं खाल्लं म्हनत्यात, त्येच बरं हाय. निदान शाना तरी समजत्यात."