वैजयंतीची तपासणी

गोविंदपुऱ्यातल्या पॅकिंगच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत बायका डबे उघडून बसल्या होत्या आणि वैजयंती त्यांना एचआयव्हीबद्दल सांगत होती. एका ताटात जेवल्याने तो होत नाही. निरोधचं नाव काढायला लाजू नका. लग्न झालं म्हणजे धोका टळला, असंही नाही. नवराबायको दोघांनीही तपासून घ्यावं. एका आरोग्य संस्थेच्या कामात हे सगळं तिला तोंडपाठ झालं होतं.

"ताई, तुम्ही दोघांनी केली का तपासणी?" प्रमिलाने विचारलं. अमरावतीकडची, नवरा ट्रकवर.

"केली ना," वैजयंती बोलून गेली.

"मग मी पण आज घरी विषय काढते."

वैजयंतीला आपले शब्द परत घ्यावेसे वाटले. आपल्या एका थापेवर ही बाई घरात ठिणगी टाकणार!

संध्याकाळी तुलसी नगरच्या घरी तिचं कशातच लक्ष लागेना. भाजी करपली, दुसरी फोडणीला टाकली. तिचा नवरा अनंत मशिनं बसवायच्या कामावरून गुजरातेतून कालच परतला होता. त्याला वाढता वाढता तिने विचारलंच.

"अहो, आपण दोघं एकदा एचआयव्हीची तपासणी करून घेऊ या का?"

अनंतचा घास हातातच राहिला. "कुणी काही सांगितलं तुला?"

"नाही हो. मी बायकांना खोटं सांगून बसलेय."

"मग तुझं तू निस्तर," असं म्हणून तो ताटावरून उठला.

रात्रभर ती कूस बदलत राहिली. तो चिडला, तो अपमानाने की भीतीने? दोन दिवसांनी, शनिवारी सकाळी ती एकटीच सरकारी दवाखान्यात गेली. रिपोर्ट चांगला आला. समुपदेशक बाई म्हणाल्या, "संसर्ग अलीकडचा असला तर लगेच दिसत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा या. आणि नवऱ्यालाही आणा."

तिथून ती थेट कारखान्यात गेली. प्रमिला दारातच भेटली, तिचा चेहरा खुलला होता.

"ताई, तो आधी लई भडकला. मी म्हटलं, ताईंचे साहेब इंजिनीअर असून गेले, तुला काय झालं? आला मग. दोघंही ठीक आहोत."

वैजयंतीने मान खाली घातली. "प्रमिला, मी खोटं बोलले गं. मी स्वतः आत्ता जाऊन येतेय. हे अजून तयार नाहीत. आणि ते इंजिनीअरही नाहीत, टेक्निशियन आहेत."

प्रमिला तोंडाला पदर लावून हसली. "मग आता घरी सांगा, ट्रकवाला जाऊन आला म्हणून!"

वैजयंतीने घरी तसंच सांगितलं. अनंतने टीव्हीचा आवाज कमी केला. म्हणाला, "उद्या रविवार. बंद असेल."

"हो."

"सोमवारी बघू."

बघू म्हणजे काय, हे विचारायचं तिच्या ओठावर आलं होतं. ती उठली आणि सोमवारसाठी त्याचा शर्ट इस्त्री करू लागली.