करंगळीखालची मात्रा

वकिलांच्या कचेरीत ती टायपिस्ट होती. तिच्या कागदात चूक शोधून दाखवा, असं वकीलसाहेब आल्यागेल्याला ऐटीत सांगत. त्याच साहेबांनी एका सकाळी तिला आत बोलावलं आणि एक मृत्युपत्र पुढे सरकवलं.

“बाई, अशील लेकीला सोने द्यायला निघालाय आणि तुम्ही तिला सन देताय. कुठला सन, तो तरी लिहा!”

सगळे हसले, तीही हसली. पण पुढच्या कागदांतही तेच. मात्रा गळत होत्या. सगळ्या नाही, डाव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांच्या वाट्याला आलेल्या तेवढ्याच. ओकार करंगळीचा, एकार आणि अनुस्वार शेजारच्या बोटाचे. कीबोर्ड म्हातारा झालाय, तिने ठरवून टाकलं. हात दुखत नव्हता, मुंग्या येत नव्हत्या. मग दोष त्या मेल्या बटणांचाच.

“तुमच्या हाताला मानवेल असा नवा तुम्हीच निवडून आणा,” साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती नणंदेला घेऊन दुकानात गेली. नणंद वयाने लहान, पण तोंडाने थोर. शेजारच्याच घरात राहायची आणि कुठल्याही खरेदीला आपण नसलो तर वहिनीला लोक फसवतात, असं तिचं ठाम मत होतं.

पायऱ्या चढताना नणंद मागून ओरडली, “वहिनी, अगं चप्पल! डाव्या पायातली खालीच राहिली की.”

तिने वळून पाहिलं. चप्पल तीन पायऱ्या खाली पडली होती. तळव्याला गार फरशी लागत असणार, पण ते तिला चप्पल दिसल्यावर सुचलं.

“पट्टा सैल झालाय,” ती म्हणाली.

दुकानदाराने काउंटरवर कीबोर्ड मांडले. एक पापुद्र्यासारखा पातळ. त्यावर बोट आपटलं की टेबलावर आपटल्यासारखं वाटे. दुसऱ्याचा खडखडाट असा, की साहेबांनी तिला गच्चीत बसवलं असतं. तिसरा मधोमध दुभंगलेला. “हा काय, वाटणी झालेला का?” नणंदेने विचारलं. शेवटी दुकानदाराने एक साधा, काळा, वायरचा काढला. बटणं किंचित खोलगट, दाबली की मऊ खाली जाऊन लगेच वर येणारी. मागचे पाय उभे न करता ठेवला की मनगट सरळ राहत होतं. तिला तो पाहताक्षणी आवडला.

“दिवसभर टाइप करणाऱ्यांना हाच देतो मी,” दुकानदार तो आपल्या कॉम्प्युटरला जोडत म्हणाला. “लिहून बघा काहीतरी.”

“लिही, नणंद गोड बोलते,” नणंदेने हुकूम सोडला.

तिने न बघता सरसर टाइप केलं. पडद्यावर आलं: नणद गड बलत.

नणंद खो खो हसली. “बघा, खरं बाहेर आलं!”

“हाही बिघडलेलाच दिसतोय,” ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला जरा चढलेला वाटला.

“सर बाजूला.” नणंदेने पदर खोचल्यासारखा आव आणला आणि दुकानदाराला विचारत विचारत, एका बोटाने एकेक बटण शोधून तेच वाक्य टाइप केलं. प्रत्येक मात्रा जागच्या जागी उमटली.

तिने पुन्हा टाइप केलं. या वेळी डाव्या हाताकडे बघत. करंगळी बटणावर होती, नीट, जिथे असायला हवी तिथेच. तिने दाबलं. दाबल्याचं तिला पक्कं ठाऊक होतं. बोट हललं नाही.

नणंदेचं हसू विरलं. “वहिनी, दाब ना.”

“दाबतेय.”

दुकानदार बाकीचे कीबोर्ड खोक्यांत घालू लागला होता, तो तसाच थांबलेला पाहून नणंद म्हणाली, “असू दे भाऊ, नंतर येतो आम्ही.” आणि तिने वहिनीचा दंड धरला.

घरच्या ओळखीचे डॉक्टर दोन गल्ल्या पलीकडे होते. त्यांनी तिला खुर्चीत बसवलं. “डोळे मिटा. दोन्ही हात समोर सरळ धरा, तळवे वर. तसेच ठेवा.”

तिने धरले.

“दोन्ही सरळ आहेत?”

“हो, सरळच आहेत की.”

“आता उघडा डोळे,” डॉक्टर म्हणाले. तिने डोळे उघडले. उजवा हात समोर होता. डावा केव्हाचा मांडीवर उतरून उपडा पडला होता.

“आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात जा,” डॉक्टर म्हणाले. “घरी थांबू नका.”

तपासणीत मेंदूच्या उजव्या बाजूला गाठ निघाली. ऑपरेशन लगेच करायचं ठरलं. हात पूर्वीसारखा चालेल ना, असं नणंदेने विचारलं, तर तिथले डॉक्टर म्हणाले, “आधी गाठ काढू,” आणि पुढच्या खाटेकडे वळले.

नवरा कामाच्या गावाहून यायला निघाला होता. तोवर नणंद उशाशी बसून राहिली. वहिनीला ऑपरेशनसाठी आत न्यायला माणसं आली, तेव्हा ती छताकडे बघत म्हणाली, “वन्सं, माझा डावा हात खाली लोंबतोय वाटतं. जरा उचलून धरा ना.”

“धरलाय, वहिनी,” नणंद म्हणाली. “मघापासून धरलाय.”