चंद्रभागाबाईंचा गुंड

मित्रांनो, माझ्या गळ्याखाली बारीक टिंबांनी एक नाव कोरलेले आहे: चंद्रभागाबाई. त्या नावाखाली थोडी जागा अजून मोकळी आहे. मी पाणी भरायचा जुना पितळी गुंड. भंडाऱ्याच्या एका कारागिराने मला ठोकून ठोकून गोलाई दिली आणि चंद्रभागाबाईंच्या लग्नातले आंदण म्हणून मी नाकाडोंगरीजवळच्या या गावी आलो. माझ्या पोकळ पोटात पाण्याइतकेच आवाजही साठतात. त्यामुळेच माझा स्वभाव चौकस झाला असावा.

आमची धानाची शेती बोडीला, म्हणजे गावच्या लहान तलावाला, लागून आहे. चंद्रभागाबाईंची एक रीत होती. भात शिजला की त्या मला रिकामा करून ओसरीवर ठेवत आणि मनगटातल्या कड्याने माझ्या पोटावर सावकाश ठोके देत. तो नाद पाण्यावरून तरंगत बांधापर्यंत जाई. त्यांचे यजमान गोमाजी नांगर सोडत आणि लहानगा श्रावण चिखलाच्या पायांनी धावत येई. मी त्या घराची हाक होतो.

श्रावण मोठा होऊन फौजेत गेला आणि कारगिलच्या पहाडांवर लढला. काही वर्षांनी नोकरी संपवून तो परतला तेव्हा त्याचे हातपाय धड होते. गावाने हार घातले. मला मात्र त्याचे डोळे पाहून प्रश्न पडे, हा माणूस सतत काय ऐकतो आहे?

एका दुपारी त्याची पत्नी उषाबाई हिच्या कमरेवरून मी निसटलो आणि अंगणातल्या फरशीवर आदळलो. क्षणात श्रावणने रांगत्या लेकीला, मोनाला, पोटाशी घेतले आणि भिंतीच्या कडेला अंग टाकले. लेक रडून थकली, तरी तो उठला नाही.

त्या दिवसापासून घराने, केवळ मायेपोटी, आपला आवाज पोत्यात बांधला. मी आणि सारी पितळी भांडी माळ्यावर गेलो. खाली प्लास्टिकच्या बादल्या आल्या. दाराच्या कडीला चिंधी गुंडाळली गेली. जेवतानाही कुणी बोलेनासे झाले. श्रावण आधी पिकाच्या राखणीसाठी म्हणून बोडीवरच्या खोपडीत, म्हणजे गवती झोपडीत, राहू लागला, मग तिथलाच झाला. मोना त्याचा डबा बांधावर ठेवून मुकाट परते. गोमाजी वारले तेव्हा तो आला, खांदा दिला आणि तसाच माघारी गेला.

माळ्यावरच्या अंधारात मी एकच कोडे उलगडत बसे. तो माझ्या आवाजाला घाबरला होता, की आवाज थांबल्यावर जे उरते त्याला?

यंदा मोनाचे लग्न ठरले. हळदीला बाबा मांडवात हवेत, एवढाच तिचा हट्ट. ती स्वतः खोपडीवर जाऊन आली. त्याने नुसती नकाराची मान हलवली. त्याच रागात तिने मला आंदणासाठी माळ्यावरून उतरवले आणि चिंच लावून घासायला घेतले.

"आजी, तुह्या नावाखाली जागा काहून सोडली?"

"लेक झाली असती त तिचं नाव टाकलं असतं. झाला तुहा बाप!" चंद्रभागाबाई हसल्या. "यालेच वाजवून बलावत होती मी त्याले. दुसरं कोणाचं आयकेच ना."

मोनाने घासणे थांबवले आणि पळी उचलली. उषाबाई धावत आली.

"पागल झाली का वो? बाबा आयकतीन न!"

"आयकाव म्हणूनच त वाजवून राहिली, आई."

"थांब. असं नाही," म्हातारी म्हणाली. "धीरे."

तिने कड्याने ठोका दिला. नाद विरू दिला. मग दुसरा. ओसरीवरून दिसणाऱ्या बोडीच्या बांधावर उभा असलेला श्रावण पहिल्या ठोक्याला मटकन खाली बसला. उषाबाईने तोंडाला पदर लावला. म्हातारी थांबली नाही. आवाजात घाई नव्हती, मोडतोड नव्हती. होते ते फक्त वाट पाहणे.

श्रावण उठला आणि चालू लागला.

तो अंगणात आला. उषाबाई मला पदराआड घेऊ लागली.

"राहू दे, उषा," तो म्हणाला. "तिकडं पहाडावर तोफ चुप झाली का जास्त भेव लागे. आता कोण गेला, समजेच ना. अन् तुम्ही माह्यासाठी सारं घरच चुप करून टाकलं."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"इचारलं कोणं?"

त्याने माझ्या गळ्याखालच्या मोकळ्या जागेवरून अंगठा फिरवला.

"मोनाचं नाव टाका इथं. पण गुंड इथंच राहू द्या. ही गेल्यावर मले जेवाले कोण बलावल?"

"पयले पाय धू, श्रावण्या," चंद्रभागाबाई ओरडल्या. "साऱ्या घरात चिखल आणला!"

घरात इतक्या मोठ्याने कुणी ओरडल्याला वर्षे लोटली होती.

मित्रांनो, तो पूर्ण बरा झाला, असे मी म्हणणार नाही. ताट पडले की तो आजही दचकतो. पण हळदीला तो मांडवात बसला, वाजंत्री सुरू झाली तेव्हा मोनाचा हात घट्ट धरून. म्हणून माझे एवढेच मागणे आहे. जुने भांडे माळ्यावर टाकण्याआधी एकदा वाजवून पाहा. आणि घाबरलेल्या माणसाभोवती दबक्या पावलांनी फिरण्याआधी त्याच्याजवळ बसून विचारा, तुला काय ऐकू येते?

भात शिजला आहे. उषाबाई मनगटातले कडे सरसावून ओसरीवर येते आहे.