मराठी एक

"अगं, उद्या ऑफिसात सांग ना. आज रविवार आहे," यशोधन म्हणाला.

दीक्षाने नवऱ्यापुढे मागच्या वर्षीची वही धरली. "वाच."

"कमानीची भेग, १ मिलिमीटर."

"रिपोर्टमध्ये नऊ छापलंय. ऑफिसातल्या वेई लिंगने माझा मराठी एक इंग्रजी नऊ समजून उतरवला. आणि मी न तपासता सही ठोकली."

सिंगापुरात, पुंगोलच्या फ्लॅटमध्ये बसून ती इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या चर्चची नवी लेझर-मोजणी तपासत होती. चर्च आठशे वर्षांचं. मनोरा दोनशे वर्षांनी मागाहून चढवलेला, त्याच जुन्या भिंतींवर. सगळा भार एका कमानीवर. यंदा भेग नऊ निघाली होती. कागदोपत्री काहीच बदललं नव्हतं. प्रत्यक्षात कमान वर्षभरात आठ मिलिमीटर फाकली होती.

पडद्यावर त्या कमानीखाली, ठिपक्याठिपक्यांनी उमटलेल्या अकरा बुटक्या खुर्च्या होत्या. दर रविवारी सकाळी दहाला मुलांचा वर्ग. तिथे आता पावणेदहा झाले होते. साहेब फोन उचलत नव्हते.

"आपल्या तिघांचे इथे राहायचे पास तुझ्या नोकरीवर आहेत," यशोधन हळू आवाजात म्हणाला. "आणि तू तर जाई शिंकली तरी नोव्हेनाच्या हॉस्पिटलात धावतेस. खात्री आहे ना?"

खरं होतं ते. तिच्या घाबरण्याला घरात कुणी किंमत देत नसे. पण आजच्या भीतीला माप होतं.

चार वर्षांची जाई मांडीवर चढली. "मम्मी, सो स्मॉल चेअर लाह! माझी?"

दीक्षाने फाइलमधला चर्चचा नंबर फिरवला. तिथल्या वयस्कर व्यवस्थापक बाईंनी उचलला.

"मुलांना कमानीखाली बसवू नका. मनोऱ्याला धोका आहे. आमच्या मोजमापात चूक झालीय."

"चूक? कुणाची?"

यशोधन खिडकीबाहेर बघत होता.

"माझी."

पलीकडे फोन कुठेतरी टेकवल्याचा आवाज आला. मग दगडी फरशीवरून खुर्ची ओढल्याचा. मग दुसरी. दीक्षा बोटांच्या पेरांवर मोजू लागली. आठ. नऊ. दहा.

मग काहीच नाही.

तिने जाईला इतकं आवळलं की पोरगी कुरकुरली. फोनमध्ये नुसती शांतता होती, उंच छताखाली असते तशी.

खर्रकन अकरावी सरकली.