झाकणावरचा निळा

देवपुरातल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये दिपमालाबाईंनी पंचेचाळीस वर्षं रंगाआधी गाड्यांचा पत्रा गुळगुळीत करायला पाणीपेपर घासला होता. इतका, की रेशन दुकानातलं अंगठ्याचं यंत्र त्यांना ओळखेनासं झालं. दुकानदार म्हणायचा, "अक्का, ठसा कुठं गेला तुमचा?" त्या म्हणायच्या, "लोकांच्या गाड्यांवर." पहिल्यांदा सगळी रांग हसली होती. आता कुणी हसत नाही, त्याही नाही. एक बोट लावतात, मग दुसरं, मग तिसरं.

शेडच्या मधोमध सावद्याच्या भूपेंद्रची फियाट उभी होती. दारं, काचा, दिवे सगळं काढलेलं. भूपेंद्रच्या आजोबांनी हौसेनं घेतलेली ही गाडी केळीच्या खोक्यांमागे तीस वर्षं धूळ खात पडली होती. यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आजीला त्याच गाडीतून पहूरला माहेरी न्यायचं त्याच्या मनात होतं.

"आजी म्हणते, रंग होता तोच पाहिजे," गाडी आणली त्या दिवशी तो म्हणाला होता. "दुसरा लावला तर ती एसटीनं जाईल म्हणते."

"रंगनी चिंता करू नको, भाऊ," दिपमालाबाईंचे नवरे मोतीलालनाना म्हणाले होते. "या शेडमातून रंग परत उना नही कव्हय."

ते खरंच होतं. नानांनी दीड महिना खपून गंजलेला पत्रा कापला, नवा जोडला, हातोडीनं ठोकून वळणावर आणला. खाचखळग्यांत लांबी भरली की दिपमालाबाई घासत, आणि मग डोळे मिटून तळहात फिरवत. नजरेला न दिसणारा खळगा त्यांच्या हाताला लागायचा. "इथं," म्हणायच्या, आणि नाना पुन्हा लांबी भरायचे. संध्याकाळी बाईंच्या पाठीत कळ यायची. ती कळ आता सकाळीही जात नव्हती.

आज रंग धरायचा, म्हणजे जुन्या रंगाशी जुळवायचा होता. डॅशबोर्डातल्या खणाच्या आत, जिथं ऊन कधी पोचलं नव्हतं, तिथं मूळ रंग टिकला होता. निळसर राखाडी, पांढऱ्या धोतराला नीळ देताना हात जरा सैल सुटावा, तसा. नानांनी सकाळभर डब्यात रंग ढवळला, एक बोट डब्याच्या झाकणावर ओढलं, उन्हात वाळवलं, खणाशी धरलं.

"जमना," ते म्हणाले. "चारला भूपेंद्र येई, त्याले दखाडू." मग गाडीची मागची सीट जमिनीवर टाकून त्यावर आडवे झाले.

दिपमालाबाईंनी झाकण उचललं. रंग जमला नव्हता. तो निळाशार होता, शाळेच्या बसवर असतो तसा.

हे दोन वर्षांपासूनचं होतं. पारोळ्याच्या डॉक्टरांची गाडी पहिली. हिरवा धरायला गेलेल्या नानांच्या डब्यात निळाच जास्त पडला होता. ते झोपले असताना बाईंनी डबा गुपचूप सारखा केला. डोळ्यात मोतीबिंदू आहे हे त्यानंतर तपासणीत कळलं. ऑपरेशनच्या शिबिराची तारीख दोनदा आली. एकदा नानांना काम निघालं, एकदा ते दवाखान्याच्या फाटकातून माघारी फिरले.

"हातोडा चुकना ते पत्रा बदलता येस," ते म्हणाले होते. "डोळा कथाईन आणू?"

आणि दर वेळी गिऱ्हाईक रंगावर खूश होऊन गेलं की म्हणायचे, "दख, कुंदननी माय. मन्हा डोळाले काय व्हयेल शे?"

परवा शुक्रवारी पुन्हा शिबिर होतं. लेकाचा, कुंदनचा, सुरतहून फोन येऊन गेला होता, "माय, या खेपेला ने त्यांना."

बाईंनी पांढऱ्या रंगाचा डबा उघडला. काडी हातात घेतली. डबा सारखा करायला पाव तास लागला असता. पण मग चारला भूपेंद्र वा वा म्हणाला असता, आणि शुक्रवारी नाना घरातून हलले नसते. आपणच सारख्या केलेल्या प्रत्येक डब्यानं त्यांना माघारी फिरवलं, असं बाईंना पहिल्यांदाच वाटलं. सारखा न करावा, तर सावद्याचं पोरगं या शेडमध्ये उभं राहून नानांचा रंग नाकारणार. तेही बघवलं नसतं.

त्या दमल्या होत्या. घासून नव्हे; लपवून.

"आयका ना," त्यांनी नानांचा खांदा हलवला. "रंग जमना नही."

"कोण सांगं?"

"मी सांगस. निळा जास्त व्हयना. तुम्हले निळा दिखत नही."

नाना उठून बसले. "आजना डोळा जरा—"

"दोन वरीसपाईन."

नाना बोटांवर गाड्या मोजू लागले.

"पारोळाना डॉक्टरनी गाडी?" नानांनी विचारलं.

"ती मी करी."

"कालेजना सरनी?"

"ती बी."

"बठ्ठ्याच का?"

"बठ्ठ्या कश्या? पांढऱ्या नी काळ्या तुम्हीच करेल शेत."

नाना हसणार असं क्षणभर वाटलं. हसले नाहीत. त्यांनी तोंड फिरवलं आणि गाडीच्या उघड्या सांगाड्यावरून एकदा हात फिरवला. मग पाय ओढत आले आणि डबा बाईंच्या पुढ्यात सरकवला.

"कर. मन्हासमोर कर."

बाईंनी पांढरा ओतला. काडीच्या टोकानं काळा, मग थेंबभर पिवळा. नाना शेजारी उकिडवे बसून नुसते ऐकत होते, काडी डब्याला लागते त्याचा आवाज. झाकणावर पहिल्या बोटाशेजारी बाईंनी दुसरं बोट ओढलं. वाळल्यावर नानांनी झाकण उन्हात नेलं, जवळ धरलं, लांब धरलं.

"माले दोन्ही एकच दिखतस," ते हळू म्हणाले.

चारला भूपेंद्र आला. खणातला रंग आणि दुसरं बोट बघून म्हणाला, "हाच! नाना, मारा मग उद्याच."

"आखाजीले गाडी व्हत नही, भाऊ," नाना म्हणाले. "शुक्रवारले मन्हा डोळा शे. महिनाभर रंगनी गन हातमा लेता येत नही."

"अहो पण आजीला काय सांगू?"

"सांग, नानाना डोळा धुवाले टाकेल शे."

भूपेंद्रचा चेहरा पडला. दिपमालाबाईंनी त्याला पाण्याचा तांब्या दिला. "आजीले सांगजो, मी बी पहूरकडलीच शे. या वरीस दुसरी गाडीमा जाय म्हना. माहेर कथं पळी जात नही."

तो कुरकुरत, फोनवर घरी बोलत बाहेर गेला. बाईंना वाटलं होतं, सांगून टाकलं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. पाठ दुखायची तशी दुखतच होती, आणि महिनाभर गाडीला धुळीपासून झाकून ठेवायचं काम आता वाढलं होतं.

त्या झाकण पुसायला फडकं घेऊन उठल्या, तेव्हा नानांनी हात आडवा घातला.

"ते पुसू नको."

त्यांनी झाकण वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि वरच्या फळीवर, हातोड्यांच्या शेजारी ठेवलं.

"पट्टी निंघनी का पहिले हाई दखसू," ते म्हणाले.