वागू आला

मी एक जुना भोंगा आहे. पत्र्याचा, करड्या रंगाचा, खालच्या काठाला पोचा पडलेला. मित्रांनो, माझ्या गळ्यात आज एका बाईचा आवाज आहे. तो माझ्याकडे कसा आला आणि मला इतका जड का जातो, ते तुम्हाला सांगितल्यावाचून राहवत नाही.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. मला आठवते ती उद्धवरावांची भाजीची तीनचाकी गाडी. आदिलाबादच्या गल्ल्यांतून आणि बेल्याकडच्या खेड्यांतून मी सात वर्षे ओरडत फिरलो. तेव्हापासून माझ्यात एक खोड आहे. 'आ' मला ठणठणीत काढता येतो, पण 'ऊ' माझ्या तोंडातच विरतो. उद्धवरावांनी "आलू घ्या, आलू!" असे बोलून ठेवले होते. बाया बाहेर यायच्या आणि विचारायच्या, "आलं कसं दिलं?" उद्धवराव कपाळावर हात मारायचे. त्यांची मुलगी प्रणिता तर हसून हसून बेजार व्हायची. माझी खोड घरात सर्वांना ठाऊक होती, पण ती दुरुस्त करावी असे कोणाला वाटले नाही. हसण्यावारी गेलेली गोष्ट कधी दुरुस्त होते का?

पुढे उद्धवरावांचे गुडघे थकले, गाडी विकली गेली आणि मी प्रणिताच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात माळ्यावर धूळ खात पडलो. प्रणिताला यंत्रांचे भारी वेड. वर्षातून एकदा ती आजोळच्या गावी, शाळेच्या हॉलमध्ये, अशाच वेड्यांना दोन दिवस जमवायची. कोणी संगणकाचा प्रोग्राम लिहिणारा, कोणी पंपाचे स्टार्टर जोडणारा, कोणी रेडिओ उघडून बसणारा. शहरात याला हॅकेथॉन म्हणतात. गावाच्या तोंडात तो शब्द बसेना, म्हणून प्रणिताने नाव ठेवले 'खटाटोप'. खटाटोपाचे नियम दोनच होते. नवे काही विकत आणायचे नाही, जुन्यातूनच घडवायचे. आणि रविवारी दिवस मावळायच्या आत यंत्र चालून दाखवायचे.

अशाच एका उन्हाळ्यात प्रणिताने मला माळ्यावरून काढले. देवानंद नावाचा मंचेरियलचा इलेक्ट्रिशियन तिच्या जोडीला होता. गावाजवळून जो ओढा जातो, त्याला तिथले लोक तेलुगूसारखे 'वागू' म्हणतात. वर डोंगरात पाऊस झाला की इकडे लख्ख ऊन असतानाही वागूला लोंढा येतो. म्हणून दोघांनी ठरवले की वागूत वरच्या अंगाला दोन तारा सोडायच्या आणि पाणी तारांना लागले की भोंग्याने ओरडून शिवार जागे करायचे. आवाज हवा होता खणखणीत. गावात तसा आवाज एकीचाच, पंचफुलाबाईचा. तिने हाक मारली की दोन शेतांपलीकडची गाय मान वर करायची.

"काय बोलू?" तिने लाजत विचारले.

"बाई, तुमी घरी बोलता तसंच बोला," देवानंद म्हणाला.

पंचफुलाबाईने श्वास भरून हाक दिली, "वागू आला! वागू आला!"

रविवारी दिवस मावळायला आला होता. घाईघाईने बादलीभर पाण्यात तारा बुडवल्या. मी हॉलमध्ये गर्जलो. चारही भिंतींनी माझा विरलेला 'ऊ' घुमवून परत आणला आणि शब्द अगदी स्पष्ट वाटला. टाळ्या पडल्या, पहिले बक्षीस मिळाले. पंचफुलाबाईचा नवरा लक्ष्मणराव सर्वांत पुढे बसून टाळ्या वाजवत होता. "आता घरीबी आवाज अन् वावरातबी आवाज," तो म्हणाला, आणि सारे हसले. मीही फुगलो. वागूकाठी भिंती नसतात, हे माझ्या ध्यानात आले नाही आणि त्यांच्याही नाही.

त्या पावसाळ्यात पैनगंगेपलीकडून एक वाघ आला आणि त्याने एक गोऱ्हा मारला. साऱ्या शिवाराने धसका घेतला. आणि मित्रांनो, या भागात वाघाला बोलताना कोणी वाघ म्हणत नाही. 'वाग' म्हणतात.

भर दुपारी, उन्हात, माझ्या तारांना पाणी लागले. मी पंचफुलाबाईच्या आवाजात ओरडलो. 'ऊ' वाऱ्यावर गेला.

"वाग आला! वाग आला!"

शेजारच्या शेतातले दोघे मोहाच्या झाडावर चढले, म्हणून वाचले. लक्ष्मणराव वागूपलीकडे उंचावर, पळसाच्या झुडपांशी कपाशी डवरत होता. बायकोचा आवाज ऐकून त्याने झुडपांकडे पाहिले आणि औत सोडून तो मोकळ्या जागेकडे, गावाकडे धावला. मोकळी जागा म्हणजे वागूची कोरडी वाळू. लोंढ्याने त्याला वाळूतच गाठेपर्यंत मी ओरडत राहिलो आणि तो धावत राहिला. मला थांबता येत नव्हते. पाणी तारांना धरून बसले होते.

त्यानंतर मला शाळेच्या कपाटात कोंडले. पण बॅटरी काढायचे कोणाला सुचले नाही. एकदा वर्ग भरलेला असताना छत गळले, तारा भिजल्या आणि बंद कपाटातून पंचफुलाबाईची हाक उठली. मुले किंचाळत पळाली, गुरुजीही त्यांच्यामागे. मग बॅटरी काढली. तरी मला ती हाक ऐकू येतच राहिली. भूत भोंग्यात शिरले असे मुले म्हणत. मी म्हणतो, भोंगाच झपाटलेला होता.

पुढच्या उन्हाळ्यात खटाटोप भरला, पण टाळ्यांचा उत्साह नव्हता. गेल्या वर्षीची यंत्रे मोडून सुटे भाग वाटण्याची रीत होती. माझी पाळी आली. देवानंदने पेचकस लावला.

"काऊन मोडून राह्यला त्याले?"

दारात पंचफुलाबाई उभी होती.

"बाई, ह्याच्यामुळंच तुमचं..." देवानंदने पेचकस खाली ठेवला.

"याले ऊ येत नाही, हे तुमाले ठाऊक होतं का नाही?"

प्रणिताच्या डोळ्यांत पाणी आले. "ठाऊक होतं, काकू. बाबा आलू म्हनायचे, बाया आलं समजायच्या. आमी हसलो. अन् इसरलो."

पंचफुलाबाई माझ्याजवळ आली. मग माझ्या पोच्यावरून तिने हात फिरवला. "माझाच आवाज होता. त्यायनं माझंच आयकलं. मोडून तो माघारी येईल का? बोल बदला. अन् यावेळी हॉलात नाही, वावरात उभं राहून आयका."

दोन दिवस साऱ्या खटाटोपाने तेवढे एकच काम केले. मला वागूकाठी बांधले. लोक वाऱ्यात, लांब लांब शेतांत उभे राहिले आणि जे ऐकू आले ते कागदावर लिहून घेत गेले. एकानेही दुसरे काही लिहिले की शब्द बाद. शेवटी उरले, "पानी आलं! वर चढा!"

नवे बोल भरताना पंचफुलाबाई मध्येच थांबली. तिकडच्या बायका नवऱ्याचे नाव घेत नाहीत. तिनेही जन्मात कधी घेतले नव्हते. तिने पदर सावरला आणि हाक मारली, "पानी आलं! लक्ष्मणराव, वर चढा!"

देवानंदने विचारले, "नाव राहू द्यायचं?" ती म्हणाली, "राहू द्या. तवा नाव घेऊन 'वर चढा' म्हनलं असतं तर त्यायले समजलं असतं."

मित्रांनो, तुम्हीही यंत्रे कराल. टाळ्या हॉलमध्ये पडतात, पण यंत्राला राबायचे असते वाऱ्यात. त्याची खोड दिसली तर हसून सोडू नका. ज्याच्यासाठी ते करता, त्याच्या जागी एकदा उभे राहून ऐका. एवढीच या पोचा पडलेल्या भोंग्याची विनवणी आहे.

यंदा वागू दोनदा आला. दोन्ही वेळा सारे शिवार वर चढले. चढलेला प्रत्येक माणूस आता ओ देतो, "चढलो!" पंचफुलाबाई गावच्या काठावर उभी राहून एकेकाची ओ ऐकून घेते. सगळ्यांची आली की लोक म्हणतात, "चाल बाई, झाले सारे."

माझ्या तारा कोरड्या होईपर्यंत मी तिच्या आवाजात लक्ष्मणरावाला बोलावत राहतो, आणि तोवर ती जागची हलत नाही.