लिंडनरोटचा सरपंच कोण?

वर्ध्याला नर्सिंग शिकलेली भावना जर्मनीतल्या एका दवाखान्यात नोकरीला लागली. शहरात खोली मिळेना, म्हणून ती आठ किलोमीटरवरच्या लिंडनरोट नावाच्या खेड्यात राहू लागली. साडेतीनशे वस्तीचं गाव. दर रविवारी ती घरी व्हिडिओ कॉल करायची. आई कमलाबाई विचारायची, जेवली का, थंडी किती आहे. बाप प्रेमदास भलतंच विचारायचा.

"तुह्या गावचा सरपंच कोण आहे?"

"मले नाई माहीत, बाबा."

"सहा महिने झाले न तुले तिथं?"

प्रेमदासनं एकतीस वर्षं ग्रामसेवकी केली, बरीचशी आर्वी तालुक्यात. निवृत्त झाल्यावर तो समुद्रपूर तालुक्यातल्या आपल्या धामणटेकला येऊन राहिला. कोणत्याही गावाचं नाव निघालं की सदस्य किती आणि ऑफिस कुठं, हे कळल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

पुढच्या रविवारी भावना बोलता बोलता गावाबाहेरच्या रस्त्यानं चालत होती. तिच्या मागं एक पिवळी पाटी दिसली.

"थांब, थांब. पाटी दाखव. वरतं गावाचं नाव, अन् खालतं कोणाचं?"

"शहराचं. जिथं माहा दवाखाना आहे."

"म्हंजे गाव शहरात गेलं," प्रेमदास म्हणाला. "कवा गेलं? ठराव झालता काय? कोणाले तरी इचार न, बाई."

विचारावं असं गावात भावनाला एकच माणूस माहीत होतं. घरमालकीण हिल्डे, एक्याऐंशी वर्षांची, उंच आणि कमी बोलणारी. दोघींचं बोलणं 'नमस्कार' आणि 'दार नीट लावा' याच्यापुढं गेलं नव्हतं. भावनानं जिन्यात भीतभीतच विचारलं. हिल्डे म्हणाली, "चार वाजता खाली या."

खाली टेबलावर अलुबुखाऱ्याचा केक होता आणि त्याच्या शेजारी गावच्या कारभाराची जाडजूड काळी वही. लिंडनरोटचा शेवटचा सरपंच म्हणजे हिल्डेचा बाप. शेतकरी माणूस, पगार नाही. दर मंगळवारी संध्याकाळी तो याच खोलीत बसायचा. कोणाला दाखला हवा असे, कोणाच्या गाई दुसऱ्याच्या कुरणात शिरलेल्या असत. १९७४ साली सरकारनं लहान गावं मोठ्या गावांना जोडायला घेतली. लिंडनरोटच्या खाणावळीत सभा झाली. एकशे अठ्ठावीस माणसं होती, त्यातल्या एकशे बारा जणांनी 'नको' म्हणून हात वर केले. तरी गाव जोडलं गेलं. वहीच्या शेवटच्या पानावर तिच्या बापाची सही होती आणि त्याखाली अर्धं पान कोरं होतं.

"हे मला आजपर्यंत कुणी विचारलं नाही," हिल्डे म्हणाली. "माझ्या मुलांनीही नाही."

त्यानंतरच्या रविवारी हिल्डे स्वतः कॉलवर आली. प्रेमदासनं इस्त्रीचा शर्ट घातला होता. भावना इकडचं मराठीत, तिकडचं जर्मनमध्ये सांगत होती. हिल्डेनं आणखी मागचं काढलं. अडीचशे वर्षांपूर्वी गावातल्या ओढ्याच्या एका बाजूची घरं एका सरदाराची आणि दुसऱ्या बाजूची मठाची होती.

"म्हंजे आठ आणे–आठ आणे मालगुजारी, अर्धं गाव एकाचं, अर्धं दुसऱ्याचं," प्रेमदास खूश होऊन म्हणाला. "आपल्या इकडंबी होती. सांग तिले." भावनाला ते सांगता सांगता नाकी नऊ आले.

मग त्यानं आपल्या गावाचं सांगितलं. धामणटेक पूर्वी नाल्यापलीकडच्या मांडवखेड्यासोबत गट ग्रामपंचायतीत होतं. मांडवखेडा मोठं, ऑफिस तिथंच. १९९४ साली धामणटेकनं सभा घेऊन अर्ज केला आणि आपली ग्रामपंचायत वेगळी करून घेतली. तो अर्ज सुट्टीच्या दिवशी बसून प्रेमदासनंच लिहिला होता. हे सांगताना त्याचा आवाज जरा चढला.

हिल्डेनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही ज्यांना सोडून गेलात, त्यांना काय वाटलं?"

हा प्रश्न तीस वर्षांत प्रेमदासला कधी पडलाच नव्हता.

दोन दिवसांनी तो चपला घालून मांडवखेड्याला निघाला.

"मांडवखेड्याले? आता काऊन?" कमलाबाईनं विचारलं.

"इचाराले."

त्या वेळचे मांडवखेड्याचे सरपंच नत्थूजी आता चौऱ्याऐंशीचे होते. ओसरीत बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. अर्जानंतर दोघांचं बोलणं बंदच होतं. प्रेमदासनं जय भीम केला. नत्थूजींनी रामराम केला आणि बाजेवर जागा करून दिली. प्रेमदासनं आधी जर्मनीतल्या गावाचं सांगितलं, मग हिल्डेचा प्रश्न.

नत्थूजींनी हातातल्या शेंगा बाजूला ठेवल्या.

"तुमी निंगून गेले, याचं वाईट नाई वाटलं," ते म्हणाले. "आपलं घर कोणालेबी पायजे. पण अर्जात एक ओळ होती. 'दहा वर्षांत मांडवखेड्याने आमच्या गावासाठी एकही काम केले नाही.' पंचायत समितीत चारचौघात वाचून दाखवली मले. नाल्यावरचा रपटा कोणाच्या काळात झाला, प्रेमदासजी?"

रपटा, म्हणजे नाला ओलांडायचा तो बुटका पूल, नत्थूजींनीच करून घेतला होता. त्याआधी पावसाळ्यात धामणटेकची लेकरं महिना महिना शाळेत जात नसत.

"अर्ज तसाच लिहा लागते म्हणून लिहिलं मी," तो हळू म्हणाला. "ते खोटं होतं."

"तुमी लिहिलं हे मालूम होतं मले. असं शुद्ध लिहिणारा धामणटेकात दुसरा कोण होता?"

"मंग तुमी हरकत काऊन नाई घेतली?"

"तुमच्या सभेत सगळ्यायनं हात वर केलते. माह्या रागापाई एवढ्या लोकायचं अडवाचं काय?"

नत्थूजींच्या सुनेनं चहा आणला. चहा पिता पिता नत्थूजींनी जर्मनीत नाले असतात का, तिकडं तूर होते का, गाव जोडल्यावर शाळा राहिली की गेली, असं बरंच विचारलं. प्रेमदासला यातलं अर्धंही सांगता आलं नाही.

"रविवारी येता काय? तिलेच इचारा," तो म्हणाला.

रविवारी नत्थूजी आले, भिंतीला काठी टेकवून फोनसमोर बसले. प्रेमदासनं हिल्डेला सगळं सांगितलं, ती खोटी ओळसुद्धा. भावना 'रपट्या'पाशी अडली. तिला जर्मन शब्द येईना. तेव्हा प्रेमदासनं कॅलेंडरचं मागचं पान फाडून नाला काढला. नत्थूजींनी त्याच्या हातातून पेन घेतलं.

"असा नाई, तिरपा आहे तो," म्हणाले, आणि दोन रेघा ओढून पान फोनसमोर धरलं.

हिल्डेनं चष्मा लावला आणि ती पुढं वाकली.